साइटमॅपला 'सक्सेस' दिसतंय, तरी २०० हून जास्त पानांपैकी ३८च इंडेक्स का?

सुईदोरा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण अर्धवट सांगितलं तर कुणाला नीट उत्तर देता येणार नाही.

मी आणि माझा धाकटा भाऊ शिलाई मशीनचे सुटे भाग विकतो. माल तो बघतो, वेबसाइट माझ्याकडे. साइट चार वर्षांपूर्वी ओळखीतल्या एकाने पीएचपीत हाताने लिहून दिली. तो आता दुसऱ्या कामात गुंतलाय. पासवर्ड सगळे माझ्याकडे आहेत आणि फाइल उघडून दोन-चार ओळी बदलण्याइतपत मला जमतं.

गेल्या आठवड्यात एका बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "हे शटल तुमच्याकडे मिळतं हे मला माझ्या मैत्रिणीकडून कळलं, गूगलवर किती शोधलं तरी तुमचं नाव येत नाही." ते शटल आमच्या साइटवर दोन वर्षांपासून आहे. चारही बाजूंचे फोटो आहेत, कोणत्या मशीनला बसतं ते लिहिलंय, व्यास आणि जाडी मी स्वतः कॅलिपर लावून मोजलीय. फोन ठेवल्यावर मी नेमका तोच भाग क्रमांक गूगलवर टाकून पाहिला. खरंच नाही. फार वाईट वाटलं.

सर्च कन्सोल, म्हणजे गूगलवर आपली साइट कशी दिसते ते सांगणारी गूगलची सोय, उघडलं. साइटमॅपच्या (साइटवरच्या पानांची शोधयंत्रासाठीची यादी) पानावर हिरव्या अक्षरांत 'सक्सेस', पुढे सापडलेली पानं २१४. आणि पेज इंडेक्सिंगच्या अहवालात इंडेक्स झालेली, म्हणजे गूगलने आपल्या शोधसूचीत घेतलेली, ३८. मग मी साइटमॅप काढून परत टाकला, असं तीनदा केलं. सगळ्या पानांची प्रायॉरिटी १.० केली, बदलाचं प्रमाण 'डेली' केलं. महिना होऊन गेला, आकडा ३८वरच अडकलाय.

साइटमॅप 'सक्सेस' असेल तर पानं घेतली का जात नाहीत? माझ्याकडून कुठे काय राहतंय?

---

निळी_शाई

ताई, त्या 'सक्सेस'चा अर्थ फक्त एवढाच की गूगलला फाइल उघडता आली आणि वाचता आली. आतली पानं घेतली, असं तो शब्द म्हणत नाही. ही गल्लत अगदी सर्रास होते.

अंदाजाने उत्तर देण्यापेक्षा तीन गोष्टी बघून सांगा. एक, साइटमॅपची फाइल ब्राउझरमध्ये उघडा आणि पहिल्या पाच-सहा नोंदींमध्ये पत्ता आणि तारीख काय दिसते ते अक्षरन् अक्षर वाचा. दोन, पेज इंडेक्सिंग अहवालात वरच्या बाजूला एक यादी उघडते, तिथे 'ऑल नोन पेजेस' असेल, त्याऐवजी 'ऑल सबमिटेड पेजेस' निवडा आणि आकडे कसे बदलतात ते लिहा. तीन, साइटच्या मुखपृष्ठावरून, शोधपेटी अजिबात न वापरता, नुसत्या लिंकवर क्लिक करत त्या शटलच्या पानापर्यंत जाऊन दाखवा. किती क्लिक लागतात?

---

पानवेल

मधेच बोलतो. २०० पानांच्या साइटला साइटमॅप लागतच नाही. गूगलच्याच मार्गदर्शक पानांवर लिहिलंय की साधारण ५०० पानांपर्यंतची साइट असेल आणि सगळी पानं एकमेकांना नीट जोडलेली असतील, तर साइटमॅपची गरज नसावी. यात वेळ घालवू नका.

---

सुईदोरा

निळी_शाई, बघितलं. तिसऱ्या प्रश्नाने तर मी चक्रावून गेले.

पहिलं: सगळे पत्ते 'एचटीटीपी'ने सुरू होतात, पुढचा 'एस' नाही. साइट तर दोन वर्षांपासून 'एचटीटीपीएस'वर आहे, जुना पत्ता टाकला तरी आपोआप नव्यावर जाते. आणि तारीख? २१४च्या २१४ नोंदींना आजचीच तारीख, वेळही एकच, पहाटे २ वाजून १० मिनिटं. काल रात्रीची एक प्रत माझ्या संगणकावर होती, तिच्यात सगळीकडे कालची तारीख.

दुसरं: 'ऑल सबमिटेड' निवडल्यावर इंडेक्स झालेली पानं शून्य. शून्य! २०९ पानांपुढे 'पेज विथ रीडायरेक्ट' आणि ५ पानांपुढे 'नॉट फाउंड'. परत 'ऑल नोन' केलं की ३८ इंडेक्स, ११२ 'डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड', ५९ 'क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड', शिवाय ती रीडायरेक्टवाली आणि न सापडलेली आहेतच.

तिसरं: नाही पोचले. मुखपृष्ठावर आमच्याकडे 'मशीनचं मॉडेल निवडा' अशी खाली उघडणारी यादी आहे, मॉडेल निवडून बटण दाबलं की त्याचे भाग दिसतात. ती सोडली तर शटलच्या पानाकडे जाणारी एकही लिंक साइटवर नाही. मला हे कधी जाणवलंच नव्हतं, कारण मी स्वतः नेहमी ती यादीच वापरते.

---

निळी_शाई

ताई, आता चित्र स्पष्ट आहे. सावकाश लिहितो, कारण यात तीन वेगळे दोष एकमेकांत गुंतलेत आणि साइटमॅपचा दोष त्यातला सर्वांत लहान आहे.

आधी साइटमॅप. ही यादी म्हणजे तुम्ही शोधयंत्राला दिलेली माहिती असते: माझ्या साइटवर ही पानं आहेत, यांचे खरे पत्ते हे, आणि शेवटचा बदल अमुक दिवशी झाला. ती मानण्याचं बंधन शोधयंत्रावर नाही. पण यादी खरी असेल तर तिचा उपयोग होतो. तुमच्या यादीतला एकही पत्ता खरा पत्ता नाही, सगळे जुने आहेत. गूगल जुन्या पत्त्यावर जातं, तिथून नव्यावर ढकललं जातं, म्हणजे खऱ्या पानाचा पत्ता त्याला कळतो हे खरं. त्यामुळे पानं निव्वळ यामुळे अडली असं मी म्हणणार नाही. पण एकाच पानाचा खरा पत्ता कोणता, हे ठरवताना गूगल जे संकेत बघतं त्यांत साइटमॅप हा एक आहे. तुमचं रीडायरेक्ट म्हणतं नवा पत्ता खरा आणि तुमचीच यादी म्हणते जुना. शिवाय अहवाल तुम्हाला काहीच सांगू शकत नाही. 'सबमिटेड'खाली शून्य दिसलं ते याचमुळे: इंडेक्स झालेली ३८ पानं नव्या पत्त्यावर आहेत, आणि ते पत्ते तुम्ही कधी यादीत दिलेच नाहीत.

दुरुस्ती सोपी आहे. जी पीएचपी फाइल रात्री साइटमॅप लिहिते, तिच्या सुरुवातीलाच साइटचा मूळ पत्ता एका ओळीत लिहिलेला असेल, तेवढा बदला. 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' आहे की नाही तेही ब्राउझरच्या पट्टीत शेवटी जे दिसतं त्याच्याशी तंतोतंत जुळवा. 'नॉट फाउंड'ची ५ पानं यादीतून काढा.

आता तारीख. मला सगळ्यांत जास्त खटकलं ते हे. तुमचा प्रोग्राम पानात बदल कधी झाला ते लिहीत नाही, स्वतः कधी चालला ते लिहितो. गूगलने स्पष्ट सांगितलंय की 'लास्टमॉड'ची, म्हणजे शेवटच्या बदलाची, तारीख सातत्याने खरी निघत असेल तरच ते ती वापरतात. रोज रात्री सगळी पानं बदलली असं सांगणाऱ्या यादीची तारीख कोण धरणार? मग ज्या दिवशी तुम्ही खरंच शटलचं माप सुधाराल, त्या दिवशीही ती तारीख कुणी मनावर घेणार नाही. तुमच्या डेटाबेसमध्ये भागांच्या तक्त्यात 'शेवटचा बदल' असा रकाना आहे का बघा. असला तर तारीख तिथून घ्या. नसेल तर तारीख सरळ गाळून टाका. ती ऐच्छिकच आहे, खोट्या तारखेपेक्षा न दिलेली बरी. आणि तारीख बदलायची ती मजकूर, माप, फोटो असं काही बदललं तरच. तळाच्या पट्टीतलं वर्ष बदललं म्हणून नाही.

प्रायॉरिटी आणि बदलाचं प्रमाण, या दोन्हींकडे गूगल बघतच नाही. त्यावर वेळ घालवू नका. काढून परत टाकण्याचाही उपयोग नाही, एकदा दिलेली फाइल ते आपापल्या वेळेनुसार पुन्हा वाचतात. तुमच्या त्या रात्रीच्या फाइलच्या शेवटी गूगलला 'पिंग' करणारी, म्हणजे यादी बदलल्याचं कळवणारी, एखादी ओळ असेल तर तीही काढा, ती सोय २०२३मध्ये बंद झाली.

आता खरं दुखणं. ११२ पानं 'डिस्कव्हर्ड'मध्ये आहेत, म्हणजे पत्ता माहीत आहे पण गूगल अजून तिथे आलेलं नाही. का यावं? तुमच्या स्वतःच्या साइटवरून त्या पानाकडे एकही वाट जात नाही. बॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्राम, साधारणपणे लिंकवरून लिंकवर जातो. यादीतून मॉडेल निवडून बटण दाबेल, यावर विसंबू नये. अशा पानाला अनाथ पान म्हणतात. साइटमॅपमध्ये त्याचं नाव आहे, पण घरातलं कुणीच त्याचं नाव घेत नाही. त्यावरून शोधयंत्र काय समजेल? की या पानाचं मालकालाही फारसं अगत्य नाही. तुमचं तर उलट आहे, तुम्ही कॅलिपर लावून मापं घेतलीत.

तर ती मॉडेलची यादी राहू द्या, गिऱ्हाइकांना ती सोयीची आहे. तिच्याखाली साध्या लिंकांची वर्गवार पानं करा: शटल, बॉबिन केस, सुया, बेल्ट, प्रेशर फूट, मोटर, असं जे असेल ते. मुखपृष्ठावरून प्रत्येक वर्गाकडे लिंक, वर्गाच्या पानावरून प्रत्येक भागाकडे लिंक. आणि शटलच्या पानावरून त्याला चालणाऱ्या बॉबिन केसकडे लिंक द्या. गिऱ्हाईक दुकानात आलं असतं तर ते तुम्ही तोंडी सांगितलंच असतं, तेच इथे लिंकने सांगायचं. लिंक खरी असावी, म्हणजे 'ए' टॅग आणि त्यात 'एचरेफ'. क्लिक केल्यावर जावास्क्रिप्टने पान उघडतं अशी नको.

उरली ५९ 'क्रॉल्ड'वाली. इथे गूगल आलं, पान वाचलं आणि ठेवून घेतलं नाही. मी पैज लावत नाही, पण ही पानं एकमेकांची जुळी असतील. ती यादी उघडून बघा आणि सांगा.

पानवेल यांनी सांगितलं ते गूगलच्या पानावर आहे, मला मान्य. पण त्या वाक्यातला 'सगळी पानं एकमेकांना नीट जोडलेली असतील तर' हा भाग वगळून चालणार नाही. इथे नेमकं तेच नाहीये. आणि लहान साइटला साइटमॅपचा मला वाटणारा मोठा फायदा शोधयंत्राला नसून मालकाला आहे. तुम्ही 'ही माझी पानं' असं सांगितलंत की अहवाल त्या यादीवर बोट ठेवून सांगतो, हे घेतलं, हे नाही. म्हणून ताई, एकच फाइल करण्यापेक्षा तीन करा: एक भागांची, एक वर्गांची, एक माहितीपर लेखांची, आणि या तिघींची नावं असलेली एक अनुक्रमणिका फाइल. एका फाइलची मर्यादा ५०,००० पत्ते आणि ५० एमबी आहे, तुम्हाला तिची चिंता नाही. पण वेगळ्या फाइली असल्या की अहवालात वरच्या यादीतून एकेक फाइल निवडता येते आणि दुखणं कोणत्या वर्गात आहे ते लगेच दिसतं.

---

पानवेल

अनाथ पानांचं तुमच्या ध्यानात आलं ते माझ्या आलं नाही. माझा सल्ला घाईचा झाला. लिंका आधी, हे मात्र मी अजूनही म्हणेन.

---

कळफलक

थोडी भर घालतो.

रोबोट्स डॉट टीएक्सटी या, बॉटने कुठे जायचं आणि कुठे नाही ते सांगणाऱ्या, फाइलमध्ये 'साइटमॅप' हा शब्द, अपूर्णविराम आणि फाइलचा पूर्ण पत्ता अशी एक ओळ टाका. ती २००७पासून चालते आणि कोणत्याही शोधयंत्राला तुमची यादी स्वतःहून सापडते. २००५मध्ये गूगलने हा प्रकार सुरू केला, २००६मध्ये याहू आणि मायक्रोसॉफ्ट त्यात आले, तेव्हापासून एकच फाइल सगळ्यांना चालते. बिंगच्या वेबमास्टर टूल्समध्ये सर्च कन्सोलवरून साइट थेट आयात करता येते, फारसा वेळ लागत नाही. बिंगला 'इंडेक्सनाऊ'ही चालतं: पान बदललं की लगेच कळवायची सोय, २०२१पासून आहे. गूगल ते वापरत नाही, एवढं लक्षात ठेवा.

फाइल हाताने लिहिलेल्या पीएचपीतून निघते म्हणून आणखी एक. साइटमॅप ज्या पद्धतीत लिहितात त्या एक्सएमएलची पहिली ओळ फाइलच्या अगदी पहिल्या अक्षरापासून सुरू झाली पाहिजे. पीएचपीच्या खुणेआधी एक जरी रिकामी ओळ राहिली तरी फाइल वाचताना चूक येते. मी एकदा दोन दिवस शोधत होतो, आणि ती रिकामी ओळ मूळ फाइलमध्ये नव्हतीच, तिने आत ओढलेल्या दुसऱ्या फाइलच्या शेवटी होती. पत्त्यात & चिन्ह असेल तर तेही तसंच लिहून चालत नाही, एक्सएमएलच्या पद्धतीने लिहावं लागतं. आणि पत्ते देवनागरीत असतील तर ते टक्क्याच्या चिन्हांच्या रूपात बदलून टाका.

वर्डप्रेसवाल्यांसाठी: आवृत्ती ५.५पासून, म्हणजे २०२०पासून, साइटमॅप आपोआप तयार होतो. पण सेटिंगमध्ये, वाचनाच्या भागात, 'शोधयंत्रांना परावृत्त करा' अशा अर्थाची खूण राहून गेली असेल तर तो मिळत नाही आणि पानांवर 'नोइंडेक्स', म्हणजे शोधसूचीत घेऊ नका अशी सूचना, तीही लागते. साइट बांधताना ती खूण केली जाते आणि नंतर काढायची राहते. आधी ते बघा.

---

सुईदोरा

निळी_शाई, तुमचा अंदाज बरोबर. ५९पैकी ५५ पानं सुयांची निघाली.

आमच्याकडे प्रत्येक सुईला वेगळं पान आहे, एकूण ६१. घरगुती मशीनची १३०/७०५ एच सुई, तिचं ७०/१०चं पान, ८०/१२चं, ९०/१४चं, १००/१६चं. चारही पानं शेजारी उघडून वाचली. आकडा सोडला तर शब्दन् शब्द सारखा. फोटोही एकच. ती पानं करताना मला वाटलं होतं, जितकी पानं जास्त तितकं बरं.

आता विचारते: ही पानं नुसती साइटमॅपमधून काढू, की पुसून टाकू?

---

निळी_शाई

नुसती साइटमॅपमधून काढून काही होणार नाही. यादीत नाव नसलं म्हणून पान लपत नाही. पुसूही नका, कुणीतरी त्यांतली एखादी लिंक साठवून ठेवली असेल.

एका जातीच्या सुईचं एक पान करा. त्यात सगळ्या मापांचा तक्ता द्या, आणि कोणत्या कापडाला कोणतं माप, हे तुम्ही फोनवर जसं सांगता तसं लिहा. पातळ कापडाला ७०/१०, जीन्सला १००/१६, नेहमीच्या सुती कापडाला मधली मापं. सुई वाकली की टाका कसा सुटतो, ती पुरती बसली नसेल तर काय होतं, हेही. जुन्या ६१ पत्त्यांवरून त्या त्या जातीच्या नव्या पानावर कायमचं रीडायरेक्ट, म्हणजे ३०१, लावा. साइटमॅपमध्ये फक्त नवे पत्ते.

रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्ये जुनी पानं अडवू मात्र नका. अडवलीत तर गूगलला ते रीडायरेक्टच दिसणार नाही.

---

सुईदोरा

पाच आठवड्यांनी परत आलेय. काम रात्री बसून केलं, भावानेही हातभार लावला.

मूळ पत्त्याची ओळ पहिल्याच दिवशी बदलली. पिंगची ओळ खरंच होती, आणि सर्व्हरच्या नोंदींमध्ये रोज पहाटे २:१०ला तिच्यापुढे ४०४, म्हणजे 'सापडलं नाही', लिहिलेलं होतं. डेटाबेसमध्ये शेवटच्या बदलाचा रकाना निघाला, तारीख आता तिथून येते. शटलच्या पानापुढे मागच्या वर्षीची तारीख दिसली तेव्हा क्षणभर वाटलं, ही जुनी तारीख बघून गूगल पान सोडून तर देणार नाही ना? मग म्हटलं, खरं आहे ते आहे.

सुयांची ६१ पानं जाऊन ६ झाली. वर्गांची ९ पानं नवी केली. २०९मधून ६१ वजा, १५ अधिक, अशी आता यादीत १६३ पानं आहेत, तीन फाइलींत. 'ऑल सबमिटेड' निवडल्यावर आज इंडेक्स झालेली १२१ आहेत. २७ 'डिस्कव्हर्ड'मध्ये, १५ 'क्रॉल्ड'मध्ये. सुयांची सहाच्या सहा घेतली गेली.

आणि ते शटल! गेल्या मंगळवारी भाग क्रमांक टाकला आणि आमचं पान आलं. मी भावाला हाक मारून दाखवलं. त्या बाईंनाही फोन करून सांगितलं, त्यांना हसू आलं, पण मला राहवलं नाही.

फाइलवार बघितलं तर उरलेली १५ 'क्रॉल्ड' पानं सगळी भागांच्या फाइलमधली आहेत, त्यातली ११ प्रेशर फूटची. तिथेही मजकूर एकमेकांसारखाच झालाय. पण ते फूट खरोखर वेगवेगळे आहेत, चेन लावायचा वेगळा, काजं करायचा वेगळा, गोठ घालायचा वेगळा. एकत्र करणं बरोबर वाटत नाही. प्रत्येकाने शिवलेल्या टाक्याचा जवळून फोटो काढायला घेतलाय, चार झाले.

एक शेवटचं. जे भाग संपलेत त्यांची पानं साइटमॅपमध्ये ठेवायची का?

---

निळी_शाई

वा, ताई. टाक्यांच्या फोटोंची कल्पना फार चांगली आहे. तो फोटो दुसऱ्या कुणाकडे असणार नाही.

संपलेल्या मालाचं असं: परत येणार असेल तर पान ठेवा, साइटमॅपमध्येही ठेवा, आणि पानावर 'सध्या संपलंय' असं स्पष्ट लिहा. कायमचा बंद झाला असेल आणि त्याच्या जागी बसणारा दुसरा भाग असेल, तर त्या भागाच्या पानावर ३०१ लावा. तसा भागच नसेल तर पान काढा, सर्व्हरला ४०४ किंवा ४१० (पान कायमचं गेलं) देऊ द्या आणि यादीतून नाव गाळा. अशी सगळी पानं मुखपृष्ठाकडे वळवू नका. गूगल त्यांना 'सॉफ्ट ४०४', म्हणजे न सापडलेल्या पानासारखंच, समजतं, आणि ज्या माणसाला बॉबिन केस हवी होती त्याला मुखपृष्ठ बघून काही कळत नाही.

'डिस्कव्हर्ड'मधल्या २७ पानांना अजून महिनाभर द्या. दरम्यान त्यांतल्या प्रत्येकाकडे वर्गाच्या पानाशिवाय आणखी एखादी लिंक जाते का, तेवढं तपासा.